भैरवगढचे चौसष्ट हात

उज्जैनच्या कार्तिक चौकात पोतनीसांचं घर विचारलं, की लोक उलट विचारायचे, "कौन से पोतनीस? वो टीकेवाली बाई के?" या घराण्याच्या पूर्वजांनी शिंदे सरकारच्या खजिन्याच्या किल्ल्या दोन-तीन पिढ्या कमरेला बांधल्या होत्या, पण त्याचं कोणाला काही सोयरसुतक नव्हतं. नाव राहिलं ते लशीच्या पथकातल्या माणिकचं, आणि ते राहायलाच हवं होतं. किल्ल्या सांभाळायला नुसता प्रामाणिकपणा पुरतो. माणिकने जे केलं त्याला प्रामाणिकपणा तर लागलाच, वर हातातली नोकरी पणाला लावायची छातीही लागली.

माणिक ही तात्या पोतनीसांची एकुलती एक मुलगी. तात्या ग्वाल्हेर संस्थानाच्या महसूल कचेरीत कारकून होते. अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि तात्यांना हार घालून, पेन्शन देऊन घरी बसवण्यात आलं. माणिक तेव्हा एकोणीस वर्षांची. तिचं लग्न जमत नव्हतं आणि का जमत नव्हतं हे साऱ्या गोतावळ्याला ठाऊक होतं. चौथ्या वर्षी तिला गोवर निघाला होता, आणि जाताना तो दोन्ही डोळ्यांत फिकटसं फूल ठेवून गेला होता. हातभर अंतरावरचं माणूस तिला ओळखू यायचं. छापील अक्षर मात्र नाकाशी धरलं तरी पाण्यातल्यासारखं हलायचं. इंदूरच्या डॉक्टरांनी चष्म्याचा उपयोग नाही म्हणून हात टेकले होते.

डोळ्यांनी दगा दिला तरी बोटांनी नाही. आई लवकर गेली. घरातले गहू-तांदूळ माणिकच निवडायची, आणि निवडताना परातीकडे बघायचीसुद्धा नाही. बोटं दाण्यांतून फिरायची आणि खडा अचूक उचलायची. शेजारणी आपली परात घेऊन तिच्याकडे यायच्या. हा गुण लग्नाच्या बाजारात कोणी विचारात घेतला नाही ती गोष्ट वेगळी.

एक्कावन्न साली क्षयाविरुद्ध बी.सी.जी. लशीची मोहीम मध्यभारतात आली. घरोघरच्या बायका-मुलींचे हात तपासायचे, तेव्हा पथकात बाई हवीच होती. माणिकने अर्ज केला. डोळ्यांच्या तपासणीला ती मुद्दाम रांगेत शेवटी उभी राहिली. पुढच्या सात जणींनी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं मोठ्याने वाचली, ती तिने ऐकून पाठ केली, आणि आपली पाळी आल्यावर न अडखळता म्हणून दाखवली. लबाडीच ती. पण त्या लबाडीचा काटा तिला पाच वर्षं रोज टोचत होता, हेही सांगायला हवं.

काम असं होतं. पहिल्या फेरीत मुलाच्या डाव्या हातावर, कोपराखाली, ट्यूबरक्युलिनचा एक थेंब कातडीत टोचायचा. हा क्षयाच्या मेलेल्या जंतूंचा अर्क. शरीराची आणि त्या जंतूंची आधी कधी गाठ पडलेली असेल, तर तिसऱ्या दिवशी त्या जागी कातडीखाली टणक गाठ येते. पडलेली नसेल तर काही येत नाही. ज्याला गाठ नाही त्याला लस द्यायची, ज्याला आहे त्याला द्यायची नाही. माणिकचं काम तिसऱ्या दिवशीचं, गाठ वाचायचं. वरची लाली मोजायची नसते, फक्त टणकपणा मोजायचा असतो, हे शिकवलं सगळ्यांना होतं. पण डोळस माणसाची नजर लालीवर जातेच. माणिकची जातच नव्हती. ती उजव्या हाताचं मधलं बोट गाठीच्या काठावरून फिरवायची आणि पट्टी लावायची. त्या पट्टीवर तात्यांनी ब्लेडने खाचा पाडून दिल्या होत्या, मिलिमीटरला बारीक आणि पाचाला खोल. माणिक त्या नखाने मोजायची. ती आकडा सांगे, दुसरा कोणी तो रजिस्टरात लिही, आणि तिला वाचता येत नाही हे कोणाच्या लक्षात येत नसे. ते एकट्या तात्यांना माहीत होतं.

पथकाचे प्रमुख होते डॉ. प्रभाकर लघाटे. पस्तिशीतले, हुशार, कायम घाईत. माणिकने त्यांना एकदा विचारलं होतं, "डॉक्टरसाहेब, थेंब वर टोचला. मग गाठ यायला दोन दिवस कशाला लागतात? मधल्या वेळात आत काय चालतं?"

"पेशी गोळा होतात," लघाटे म्हणाले.

"हो, पण त्यांना बोलावतं कोण? आणि बोलावणाऱ्याला कोण सांगतं, की बाहेर कोणी तरी आलंय म्हणून?"

लघाट्यांनी पेन खाली ठेवलं. "ते अजून कोणालाच माहीत नाही," ते म्हणाले. मोठा माणूस 'माहीत नाही' म्हणाला याचं माणिकला फार कौतुक वाटलं होतं.

छप्पनचा ऑक्टोबर उजाडला. एक नोव्हेंबरला मध्यभारत हे राज्यच राहणार नव्हतं. नव्या मध्य प्रदेशात सगळी खाती एकत्र होणार, कचेऱ्या भोपाळला जाणार, आणि कोणाला पुढे घ्यायचं, कोणाला नारळ द्यायचा, याच्या याद्या चालल्या होत्या. सगळ्या कचेरीची पाचावर धारण बसली होती. माणिकचं पुढे घेणं न घेणं लघाट्यांच्या गोपनीय शेऱ्यावर होतं. त्या कागदात 'दृष्टी' असा एक रकाना होता.

त्याच महिन्याच्या बावीस तारखेला, सोमवारी, पथक शिप्राकाठच्या भैरवगढला गेलं. छिप्यांची, म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्यांची वस्ती. दारोदार रंगाच्या कढया, दोऱ्यांवर वाळणारी ओली कापडं, आणि मुलंमाणसं सगळ्यांचे हात कोपरापर्यंत निळे-तांबडे. मुलंही कापड धुवायला, बुडवायला मदत करत. चौसष्ट मुलांना ट्यूबरक्युलिन टोचलं. मुलं घाबरू नयेत म्हणून जीपचा ड्रायव्हर बापू याने सगळ्यांच्या आधी बाही वर करून स्वतःला टोचून घेतलं आणि वर मिशीला पीळ दिला.

निघताना माणिकने वस्तीतले वडीलधारे नजीरचाचा यांना बजावून सांगितलं, "चाचा, ये जगह तीन दिन संभालना. इस पे रंग बिलकुल नहीं लगना चाहिए."

"बेफिकर रहो बेनजी," नजीरचाचा म्हणाले, आणि त्यांनी शब्द पाळला. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

गुरुवारी सकाळी पथक परत आलं तेव्हा छपाईच्या छपरीत चौसष्ट मुलं रांगेने उभी होती, आणि प्रत्येकाच्या डाव्या हातावर पांढुरक्या लेपाची एकसारखी गोल बुट्टी छापलेली होती. लेप तडकून पोपडे निघाले होते आणि खालची कातडी लालभडक होऊन किंचित सुजली होती.

लघाट्यांनी पहिला हात पाहिला, दुसरा पाहिला, आणि रजिस्टर स्वतःच्या हातात घेतलं. "मी म्हणत होतो ना," ते म्हणाले, "इतक्या दाटीत राहणारी वस्ती, इथं क्षयाची लागण घराघरात असणार." आणि एकेका नावापुढे 'लागण आहे' असं लिहीत चालले.

"डॉक्टरसाहेब, मी हात लावून बघते ना."

"त्यात बघायचं काय? इथून दिसतंय."

तोवर माणिकने रांगेतल्या पहिल्या मुलीचा हात धरलाच होता. बोट फिरवलं. वर कातडी गरम होती, खरखरीत होती. खाली काही नव्हतं. दुसरा हात घेतला, तोही तसाच मऊ. तिने बोटाला लागलेली पांढरी भुकटी चोळून पाहिली आणि नजीरचाचांना विचारलं, "चाचा, ये क्या लगाया है?"

"चूना और गोंद, बेनजी." नजीरचाचा जरा अभिमानानेच सांगू लागले. "आपने ही तो बोला था, इस जगे रंग नी लगना. कपड़े पे जहाँ रंग नी चढ़ाना होय, वहाँ हम येई छापते हैं. फिर कढ़ाई में कित्ता भी डुबाओ, वो जगे कोरी रेती है. सब बच्चों को मेने अपने हाथ से छापा."

माणिकने कपाळाला हात लावला. छिप्याला 'रंग लागू देऊ नका' म्हटल्यावर तो दुसरं काय करणार? चुन्याने मुलांच्या हातांची आग झाली होती आणि त्याला कारण तिचे शब्द होते. सतरा नावं लिहून झाली होती. चौसष्टही लिहिली गेली, तर यातल्या एकालाही लस मिळणार नव्हती. ज्यांना लागण झालेलीच नाही ती मुलं लागण झालेली म्हणून कागदावर जातील आणि उद्या खरोखरच क्षयाच्या तोंडी जातील.

तिने लघाट्यांना चुन्याचं सांगितलं. ते वैतागले. "बरं, चुना. मग लाली चुन्याची किती आणि ट्यूबरक्युलिनची किती, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चाचणी फुकट गेली."

"मग पुन्हा करू या."

"कधी? पुढच्या गुरुवारी हे राज्य नाही, हे पथक नाही. मद्रासहून आलेल्या लशीची मुदत शनिवारी संपते. सगळ्यांना लागण आहे असं धरू आणि मोकळे होऊ."

मोकळे होऊ, हा शब्द माणिकला झोंबला. लशीच्या पेटीतला बर्फ संपत आला होता म्हणून बापू जीप घेऊन शहरात फ्रीगंजला गेला होता. तो येईपर्यंत पथक कुठे जात नव्हतं. तिने बाही वर केली आणि डावा हात नजीरचाचांपुढे धरला.

"चाचा, मुझे भी छापो. वही चूना, वही ठप्पा."

"जलेगा, बेनजी."

"बच्चों को भी जला है."

नजीरचाचांनी मान खाली घातली, लेपात ठप्पा बुडवला आणि तिच्या हातावर दाबला. माणिकला ट्यूबरक्युलिन टोचलेलं नव्हतं, हे लघाट्यांना ठाऊक होतं. माणिक छपरीतल्या गाठोड्यावर बसून राहिली. लेप वाळू लागला तसा हात आधी खाजला, मग भाजल्यासारखा पोळला. उन्हं डोक्यावर आली आणि जीपचा आवाज ऐकू आला, तेव्हा ती उठली, रांजणातल्या पाण्याने हात धुतला आणि लघाट्यांसमोर धरला. चुन्याच्या जागी लाल, फुगलेली गोल चकती उठली होती.

"लिहा, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "लागण आहे, अठरावी."

लघाटे त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. माणूस घाईचा होता, पण खोटा नव्हता. त्यांनी सतरा नावांवर काट मारली. मग म्हणाले, "मान्य. पण यातून खऱ्या गाठी निवडायच्या कशा? सगळे हात सारखेच दिसतात."

"दिसायला सारखे आहेत. चुन्याची आग वर असते, गाठ खाली असते. बोटाला कळतं."

"बोटाला." लघाट्यांनी खांद्यावरचा पंचा काढला. "डोळे बांधून वाचाल? म्हणजे मलाही खात्री पटेल आणि उद्या कोणी विचारलं तर मला उत्तर देता येईल."

आता खरं म्हणजे तिने नुसती मान डोलवायची होती. पंचा बांधून घ्यायचा, वाचून दाखवायचं आणि वाहवा घेऊन घरी जायचं. पण या घटकेला मुलांचं सगळं तिच्या शब्दावर येऊन ठेपलं होतं, आणि ज्या शब्दावर इतकं उभं राहणार त्याच्या बुडाशी ती तक्त्याची लबाडी तिला नको होती.

"बांधा," ती म्हणाली, "पण त्याने फरक पडणार नाही. मला तसंही नीट दिसत नाही. बारीक तर मुळीच नाही. चौथ्या वर्षापासून."

लघाट्यांच्या हातात पंचा तसाच राहिला. "पाच वर्षं तुम्ही..."

"बोटांनीच वाचलं. नोकरीला लागताना तक्ता ऐकून पाठ केला होता."

लघाट्यांनी तिच्या डोळ्यांवर पंचा बांधला. मुलांची रांग मोडून त्यांनी ती आपल्या मनाने पुन्हा लावली, आणि मध्येच बर्फ उतरवून आलेल्या बापूला ओठांवर बोट ठेवून उभं केलं.

माणिकने सुरुवात केली. मऊ. मऊ. मऊ. इथे आहे, नऊ मिलिमीटर. मऊ. प्रत्येक हाताला तिचं बोट सारखाच वेळ घेत होतं. लघाटे तिच्यामागून प्रत्येक हात दाबून बघत, जिथे ती 'गाठ आहे' म्हणे तिथे चिमटीत धरून मोजत, आणि एखाद्या मिलिमीटरपलीकडे फरक येत नव्हता. तिसाव्या-बत्तिसाव्या हाताला ती थांबली.

"गाठ आहे, चौदा. चुना मात्र नाही." बोट थोडं वर सरकलं आणि ती हसली. "आणि हा हात कढईतला नाही, स्टिअरिंगवरचा आहे. बापू, तू रांगेत कशाला?"

मुलं खदाखदा हसली. लघाट्यांनी पट्टी लावली. चौदाच होते.

चौसष्टांपैकी नऊ जणांना गाठ होती. उरलेल्या पंचावन्न मुलांना बर्फ वितळायच्या आत, त्याच दुपारी, दंडावर लस टोचली गेली. नजीरचाचा प्रत्येक मुलाचा हात तेलाने पुसून पुढे आणत होते. शेवटी ते म्हणाले, "बेनजी, गलती मेरी थी." माणिक म्हणाली, "नहीं चाचा, आपने तो मेरी बात सबसे पक्की सुनी."

परतताना जीपमध्ये ती मागे बसली होती. हात अजून चुरचुरत होता. नोकरी गेली हे तिने धरलंच होतं. घरी आल्यावर तिने तात्यांना सगळं सांगितलं. तात्या म्हणाले, "खाचांची पट्टी तेवढी सरकारला परत करू नकोस. ती माझी आहे."

दिवाळी गेली. राज्य बदललं, पाट्या बदलल्या. डिसेंबरात भोपाळहून पत्र आलं. तात्यांनी ते वाचून दाखवलं. माणिक पोतनीस यांना नव्या राज्याच्या सेवेत घेण्यात आलं होतं. पत्रासोबत लघाट्यांच्या शेऱ्याची नक्कल होती. दृष्टीच्या रकान्यात त्यांनी काही लपवलं नव्हतं. तिथे लिहिलं होतं: "जवळजवळ नाही. गाठीचं वाचन बोटांनी करतात. त्यांचे डोळे बांधून चौसष्ट हातांवर मी स्वतः खातरजमा केली आहे. माझ्यापेक्षा अचूक." तात्यांनी ती ओळ दोनदा वाचली. माणिक पदराने डोळे पुसत बसली.

पुढे तीस वर्षं तिने माळव्यातले हात वाचले. किती ते तिने मोजले नाहीत.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, तिला उजेड-अंधारापलीकडे काही कळेनासं झालं तेव्हा, तिच्या मावसबहिणीची नात कल्पना पुण्याहून सुट्टीला आली. ती शरीराच्या प्रतिकारपेशींवर संशोधन करत होती. प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे तिलाही ट्यूबरक्युलिन टोचलं होतं. तिने हात पुढे केला. माणिकआजीने बोट फिरवलं. "अकरा." कल्पनाच्या पट्टीवरही अकराच आले.

"आता तू सांग," माणिकआजी म्हणाली. "मधले दोन दिवस आत काय चालतं? मी छप्पनच्या आधीपासून विचारते आहे."

कल्पना जवळ सरकून बसली. पेशीच्या अंगावर बारीक हात असतात, तिने सांगितलं, आणि एकेका पेशीचे हात एकाच गोष्टीसाठी घडवलेले. क्षयाच्या जंतूचा तुकडा ओळखणारी पेशी अंगात मोजकीच. तिच्या हाताला तो तुकडा लागला, की त्या हाताचं जे टोक पेशीच्या आत लोंबत असतं, त्यावर आतलं एक प्रथिन फॉस्फेटचा छाप मारतं. छाप पाहून दुसरं तिथे येऊन चिकटतं, जागं होतं आणि तिसऱ्यावर छाप मारतं. तिसरं चौथ्याला उठवतं. कुठून तरी कॅल्शियम सुटतं. निरोप असा हातोहात पेशीच्या गाभ्यापर्यंत जातो, तिथली जनुकांची बंद पानं उघडतात आणि मग ती पेशी बाहेरच्यांना हाका मारू लागते. निरोप पोचतो काही मिनिटांत. वेळ लागतो तो हाका मारायला आणि सगळे जमायला.

माणिकआजी डोळे मिटून ऐकत होती. "म्हणजे भैरवगढचीच छपरी," ती म्हणाली. "पहिला रेघ छापतो, ती पाहून दुसरा आत भरतो. पहिल्याने छापल्याशिवाय दुसरा ठप्पा उचलत नाही." मग जरा थांबून तिने विचारलं, "आणि उगाच कोणी छापलं तर?"

"छाप पुसणारेही आत असतात, आजी. ते नसतील तर चुकीच्या हाकेला सगळं अंग पेटून उठेल."

"चुना-गोंदवाले," माणिकआजी म्हणाली आणि समाधानाने हसली. चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. पण तिचं बोट अजून कल्पनाच्या हातावरच होतं.

"तो जो पहिला हात, ज्याला तुकडा लागतो, त्याला पुढे गाठ आली की नाही, ते कळतं का ग?"

"नाही. तो निरोप देतो, तेवढंच."

भैरवगढच्या त्या पंचावन्न मुलांचं पुढे काय झालं, कोण जगलं, कोणाला लस लागू पडली, हे तिला कधीच कळलं नव्हतं. पथक मोडलं, रजिस्टरं भोपाळला गेली आणि तिथल्या कपाटांत हरवली. ती पुन्हा दोनदा भैरवगढला गेली होती, पण तोवर नजीरचाचा वारले होते आणि मुलं मोठी होऊन पांगली होती. मनातली ही हुरहुर तिने कोणाला सांगितली नव्हती.

"तरी देतो ना निरोप?" तिने विचारलं.

"देतो तर."

"मग झालं," माणिकआजी म्हणाली, आणि कल्पनाची बाही हलकेच खाली करून तिने मनगटाशी बटण लावून दिलं.